थॉमस बेटमन: दफनटेकाडं खणणारा माणूस आणि त्याचं घर

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये शेकडो दफनटेकाडं उकरणाऱ्या थॉमस बेटमनला पुरातत्त्वज्ञ म्हणायचं, की पैशाच्या जोरावर थडगी फोडणारा वस्तुवेडा? त्याच्या घरच्यांचा या उद्योगाशी काय संबंध होता? आणि एवढा मोठा संग्रह घराण्यात का टिकला नाही?

विदर्भातल्या महापाषाणयुगीन शिलावर्तुळांच्या उत्खननांत मी अनेक वर्षं काम केलं आहे. आधी कुणीतरी मधोमध खड्डा मारून गेलेलं दफन हाताळायची वेळ आली की काय अवस्था होते, ते मला चांगलं माहीत आहे. त्यामुळे बेटमनच्या पद्धतीबद्दल मला मुळीच प्रेम नाही. पण त्याची पुस्तकं हाताशी धरून त्याच्या वस्तू अभ्यासल्या की दुसरी बाजूही दिसते. तो घाईने खणायचा आणि त्या घाईत पुष्कळ काही कायमचं गेलं. मात्र कोणत्या टेकाडातून, कोणत्या सांगाड्यापाशी, कोणत्या वस्तूसोबत काय निघालं, हे तो लिहून ठेवायचा आणि वेळेवर छापायचा. त्याच्या काळात खणणारे खूप होते, छापणारे फार थोडे. माझ्या मते घाई आणि टिपण या त्याच्या दोन्ही सवयींची मुळं त्याच्या घरात आहेत. म्हणून आधी घराबद्दल सांगतो.

घरातला पैसा कापसाचा. थॉमसच्या आजोबांचं नावही थॉमसच (1760–1847). मँचेस्टरच्या कापूस व्यवसायात त्यांनी बक्कळ पैसा केला आणि डर्बीशायरमध्ये यूलग्रेव्हजवळच्या मिडलटन गावी जमीनजुमला घेऊन ते जमीनदार झाले. 1823 मध्ये ते परगण्याचे हाय शेरीफ होते. मिडलटनमधली बरीच घरं त्यांनी नव्याने बांधून घेतली, आणि 1826 च्या सुमारास आपल्या काँग्रिगेशनल पंथाचं प्रार्थनामंदिरही उभारलं. हा पंथ राजमान्य अँग्लिकन चर्चच्या बाहेरचा. त्यामुळे बेटमन कुटुंबाकडे जमीन आली, मान आला, तरी परगण्यातल्या जुन्या खानदानी वर्तुळात ते पूर्णपणे आतले कधी झाले नाहीत. ही गोष्ट किरकोळ नाही. अँग्लिकन नसलेल्या मुलांना त्या काळी ऑक्सफर्डचे दरवाजे बंदच होते. थॉमस शिकला तो लिव्हरपूलजवळच्या बूटल इथल्या पंथाच्या शाळेत, आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून आजोबांच्या जमिनीचा कारभार पाहायला लागला. ग्रीक-लॅटिनच्या वाटेने प्राचीन इतिहासाकडे जाणारे विद्वान वेगळे. हा मुलगा खंड, हद्दी, कुळं आणि हिशेबाच्या वह्या यांच्या वाटेने तिकडे गेला.

आई मेरी तो वर्षाचा असतानाच, 1822 मध्ये गेली. वडील विल्यम 1835 मध्ये गेले, तेव्हा थॉमस तेरा वर्षांचा होता. वडिलांना जुन्या वस्तूंची आणि टेकाडं खणण्याची आवड होती. 1820 च्या दशकात शेफील्डच्या सॅम्युएल मिचेलबरोबर त्यांनी आर्बर लो या शिलावर्तुळाच्या परिसरातली काही टेकाडं उघडली होती आणि त्याची टिपणं ठेवली होती. ही टिपणं, सापडलेल्या वस्तू आणि पुस्तकं पोरक्या मुलाकडे आली. त्याने पुढे जी पहिली जागा धरली, जे पहिले प्रश्न विचारले, त्यात वडिलांच्या अर्धवट राहिलेल्या कामाचा भाग बराच होता. पहिल्या पुस्तकात त्याने वडिलांची उत्खननंही नोंदवली. इंग्लंडमधल्या बऱ्याच हौशी संशोधकांचं काम त्यांच्यापासून सुरू होतं आणि त्यांच्याबरोबरच संपतं. बेटमनचं काम मात्र दुसऱ्या पिढीतलं होतं.

आता भूगोल. डर्बीशायरचा पीक प्रदेश म्हणजे चुनखडीचं उंच, उघडं पठार. त्याच्या कण्यांवर आणि माथ्यांवर दगडमातीची गोल टेकाडं दिसतात. स्थानिक भाषेत त्यांना ‘लो’ म्हणतात: मिनिंग लो, लिफ्स लो, ग्रीन लो. त्यांतली काही नवाश्मयुगातली, बहुतेक कांस्ययुगाच्या पहिल्या टप्प्यातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. काहींमध्ये त्यानंतर हजारो वर्षांनी, इसवी सनाच्या सातव्या शतकात, अँग्लो-सॅक्सन लोकांनी आपले मृत पुन्हा पुरले. एकाच टेकाडात दोन-दोन, तीन-तीन काळ एकमेकांवर बसलेले असतात. बेटमनच्या वेळी कालगणनेची साधनंच नसल्यामुळे हे उलगडणं फार अवघड होतं. इकडे शेतकरी ती टेकाडं नांगरत होते आणि कुंपणाच्या भिंतींसाठी त्यांचे दगड नेत होते. त्याने खणलं नसतं तर सगळं शाबूत राहिलं असतं, असं समजणं म्हणूनच भाबडेपणाचं आहे.

त्याची उमेदवारी थोडक्यात सांगतो. 1841 मध्ये बेकवेलच्या जुन्या चर्चचा काही भाग पाडला जात असताना तो तिथे जाऊन निघणाऱ्या दगडांवर लक्ष ठेवून होता. 1843 मध्ये त्याने लिफ्स लो उघडलं. तिथल्या दगडी पेटीत एका सांगाड्यासोबत चकमकीच्या कुऱ्हाडी, हरणाच्या शिंगाचं गदेचं डोकं, रानडुकराचे सुळे आणि गेरूचे तुकडे मिळाले. सुरुवातच अशी झाल्यावर माणूस थांबत नाही. त्याच वर्षाअखेरीस ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली होती, तिचा तो सभासद झाला. 1844 मध्ये कँटरबरीला तिचं पहिलं अधिवेशन भरलं. त्यात जमलेल्या मंडळींसमोर ब्रीच डाऊनची सॅक्सन टेकाडं उघडून दाखवली गेली आणि एका इजिप्शियन ममीच्या पट्ट्याही सोडवल्या गेल्या. बेटमन हे पाहून घरी आला आणि 1845 या एका वर्षात त्याने 38 टेकाडं उघडली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

वर्षाला 38 ही गती उत्खननाची नाही. एखादं शिलावर्तुळ नीट खणायला आम्हाला एक मोसम अपुरा पडतो. बेटमनची रीत अशी: सकाळी चार-सहा मजूर घेऊन जायचं, माथ्यावरून मध्यापर्यंत खड्डा किंवा कडेपासून चर घ्यायचा, मुख्य दफन गाठायचं, वस्तू आणि कवटी काढायची आणि माती परत लोटायची. जाताना खड्ड्यात आपल्या नावाचा शिशाचा ठसा टाकायचा, पुढच्या खणणाऱ्याला कळावं म्हणून. ही चांगली सवय होती. पण मधला भाग सोडून कडेला काय आहे, मातीचे थर कसे आहेत, टेकाड एका दमात रचलं की टप्प्याटप्प्याने, हे त्याने जवळजवळ कधीच पाहिलं नाही. विसाव्या शतकात त्याची काही टेकाडं पुन्हा खणली गेली, तेव्हा त्याच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टी हाती लागल्या.

गिब हिलचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. हे टेकाड आर्बर लोच्या प्रचंड शिलावर्तुळाच्या शेजारीच आहे. बेटमनच्या वडिलांनीही तिथे प्रयत्न केला होता. जानेवारी 1848 मध्ये बेटमनने टेकाडाच्या पायथ्याशी आडवा बोगदा घेतला. लाकडी टेकू लावत माणसं आत गेली. चकमकीचे तुकडे मिळाले, बैलांची हाडं मिळाली, पण दफन काही मिळेना. शेवटी नाद सोडून टेकू काढायला घेतले, तर वरची माती खचली आणि बोगद्याच्या छतातून एक दगडी पेटी खाली आली. तिच्यात जळलेली हाडं आणि एक मातीचं भांडं होतं. ती पेटी टेकाडाच्या माथ्याजवळ होती, आणि माणसं तिच्या कितीतरी खाली शोधत होती.

आज आपल्याला माहीत आहे की गिब हिल म्हणजे दोन टेकाडं आहेत. खाली नवाश्मयुगातलं लांबट टेकाड, आणि त्यावर एका टोकाला कांस्ययुगात रचलेलं गोल टेकाड. बेटमन खालच्या टेकाडात चालत होता आणि शोधत होता वरच्यातलं दफन. उभा छेद घेऊन मातीचे थर पाहिले असते, तर ही दोन टप्प्यांची रचना तेव्हाच कळली असती. त्याऐवजी त्याने पेटीचे दगड उचलून आपल्या घराच्या बागेत नेऊन मांडले. ते परत गिब हिलवर यायला 1938 साल उजाडलं.

“त्या काळात छेद घ्यायचं कुणाला सुचणार होतं?” असं कुणी म्हणेल. सुचलं होतं, आणि तेही आपल्या दख्खनमध्ये. निजामाच्या नोकरीतला अधिकारी मेडोज टेलर याने सुमारे त्याच काळात भीमेच्या काठी, फिरोजाबादजवळच्या जेवर्गी गावी दफनवर्तुळं खणली. दगड, माती, राख आणि सांगाडे कोणत्या थरात कसे आहेत हे दाखवणारी छेदचित्रं त्याने काढली. शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने त्यांची मुद्दाम प्रशंसा केली. टेलरकडे बेटमनइतका पैसा नव्हता, गडी नव्हते, आणि हे त्याचं मुख्य कामही नव्हतं. म्हणून बेटमनच्या पद्धतीला ‘काळाचा दोष’ म्हणून पूर्ण माफी द्यायला मी तयार नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं खणणाऱ्या रिव्हेट-कार्नॅकनेही 1879 मध्ये आपला अहवाल छापला, पण त्याची नजर टेलरपेक्षा बेटमनच्या जातीची होती: मधलं दफन, वस्तू, आणि पुढचं वर्तुळ.

घाई कुठून आली, याचं उत्तर 1847 सालात मिळतं असं मला वाटतं. तरुण थॉमसचं मेरी ॲन मेसन या बाईशी कित्येक वर्षांचं नातं होतं. ती विवाहित होती, क्रॉमफर्ड कालव्यावर बोट चालवणाऱ्या एकाची बायको. काँग्रिगेशनल पंथाच्या कडक आजोबांना हे खपणं शक्यच नव्हतं. नातं तोडलं नाहीस तर वारसा नाही, अशी अट त्यांनी घातली. 1847 मध्ये आजोबा वारले. थॉमसने मेरी ॲनशी संबंध तोडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सारा पार्करशी लग्न केलं. मिडलटनची जमीन त्याच्या हातात आली.

मेरी ॲनबद्दल चरित्रकार फार थोडं लिहू शकले आहेत. कारण कागदपत्रं श्रीमंतांच्या बाजूने उरतात. पण तिला एका ओळीत निकालात काढू नये. थॉमसचा पहिला सगळा उत्साह, लिफ्स लो, कँटरबरी, 1845 ची ती 38 टेकाडं, या सगळ्या काळात तीच त्याची सोबतीण होती. नंतरचं वैभव तिला सोडण्याच्या अटीवर मिळालेलं आहे. आजोबांच्या पैशावर आणि आजोबांच्या मर्जीवर जगणाऱ्या नातवाला आपली म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वडिलांकडून आलेलं हे खणण्याचं वेड. त्यात तो पाण्यासारखा वेळ ओततो आणि एका वर्षात अडतीस टेकाडं उघडतो, यात मला नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, कागदोपत्री पुरावा नाही, पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की तो सुचतो.

वारसा आल्यावर कामाचा वेग आणि आवाका दोन्ही बदलले. 1848 मध्ये पहिलं मोठं पुस्तक आलं, ‘व्हेस्टिजेस ऑफ द अँटिक्विटीज ऑफ डर्बीशायर’. मिडलटनजवळच 1844 मध्ये बांधलेलं लोंबरडेल हाउस आता एकाच वेळी घर, ग्रंथालय आणि संग्रहालय बनलं. तिथे टेकाडांतल्या वस्तू होत्या, कवट्या होत्या, विकत घेतलेली हस्तलिखितं होती, आणि दूरदेशच्या वस्तूही होत्या. 1855 मध्ये त्याने या संग्रहाची सूची छापली. स्वतःला वेळ अपुरा पडू लागला तेव्हा त्याने दोन माणसं हाताशी धरली. स्टॅफर्डशायरमधल्या वेटन गावचा शाळामास्तर सॅम्युएल कॅरिंग्टन आपल्या भागातली टेकाडं खणून वस्तू आणि टिपणं पाठवायचा. यॉर्कशायरमधल्या पिकरिंगचा जेम्स रडॉक तिकडची. या दोघांचं काम बेटमनने आपल्या पुस्तकात त्यांच्या नावाने वेगळं दिलं, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. खोरं चालवणाऱ्या मजुरांना मात्र त्या पानांत असं स्थान मिळालं नाही.

आता बेंटी ग्रेंज. 3 मे 1848 रोजी मोनीॲश गावाजवळच्या या शेतावरचं एक बसकं टेकाड त्याने उघडलं. आत सातव्या शतकातलं एका बड्या अँग्लो-सॅक्सन माणसाचं दफन होतं. शरीराचं काही उरलं नव्हतं. बेटमनने फक्त केस नोंदवले, आणि ते खरोखर माणसाचे की पांघरलेल्या कातड्याचे, यावर पुढे शंका घेतली गेली. पण वस्तू विलक्षण होत्या. चांदीची किनार आणि चांदीचे क्रूस लावलेल्या एका चामडी पेल्याचे अवशेष, मीनाकाम केलेले गोल अलंकार, लोखंडी कड्यांचा गुंतलेला पुंजका, आणि एक शिरस्त्राण. शिरस्त्राणाचा सांगाडा लोखंडी पट्ट्यांचा, पट्ट्यांमधल्या जागेत शिंगाच्या चकत्या बसवलेल्या. नाकावर येणाऱ्या पट्टीवर चांदीचा क्रूस, आणि माथ्यावर छोटं रानडुक्कर.

इंग्लंडमध्ये सापडलेलं अँग्लो-सॅक्सन काळातलं हे पहिलं शिरस्त्राण. सटन हूचं जगप्रसिद्ध शिरस्त्राण 1939 मध्ये सापडलं, त्याच्या नव्वद वर्षं आधी. रानडुक्कर हे योद्ध्याचं रक्षण करणारं जुनं चिन्ह. जुन्या इंग्रजी काव्यात डुकराचं चिन्ह मिरवणाऱ्या शिरस्त्राणांची वर्णनं येतात. क्रूस हा नव्याने आलेल्या ख्रिस्ती धर्माचा. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन्ही. सातव्या शतकात पीक प्रदेशातले लोक कोणत्या संक्रमणातून जात होते, हे या एका वस्तूइतकं थेट क्वचितच कुठे दिसतं.

इथे त्याच्या टिपणाची किंमत कळते. शिंगाच्या चकत्या जवळजवळ पूर्ण नष्ट झालेल्या होत्या. लोखंडावर उमटलेल्या खुणांवरून त्या कशा बसवल्या होत्या हे त्याने ताडलं आणि लिहिलं. टेकाडातली माती वेगळीच चिकट आणि धातू खाणारी आहे, हेही त्याने नोंदवलं. आपल्या परीने त्याने त्याचं कारणही दिलं: पुरणाऱ्यांनी मातीत काही तीव्र द्रव मिसळला असावा. ते कारण आज कुणी मानत नाही, पण निरीक्षण खरं आहे आणि ते लगेच, जागेवर केलेलं आहे. शंभर वर्षांनी, 1940 च्या दशकाअखेरीस, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत शिरस्त्राण साफ झालं, तेव्हा गंजाखालून डुकराचे सोन्यात जडवलेले लाल गार्नेटचे डोळे वर आले. त्या अभ्यासाला आधार म्हणून 1848 ची टिपणं होती आणि ज्युइटने रंगवलेली चित्रं होती. ल्युएलिन ज्युइट हा बेटमनचा मित्र, चित्रकार आणि पुराणवस्तूंचा जाणकार. ही टिपणं आणि चित्रं नसती, तर वस्तू संग्रहालयात असूनही तिच्याबद्दल अर्धंच बोलता आलं असतं.

ही टिपणाची सवय पुस्तकी शिक्षणातून आली असेल असं मला वाटत नाही. सोळाव्या वर्षापासून जमिनीचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाची ती सवय आहे: तारीख, जागा, काय मिळालं, किती मिळालं. त्याचं गद्य कोरडं आहे, एका टेकाडाची हकिकत कधी अर्ध्या पानात संपते. पण तोच कोरडेपणा पुढे कामी आला. 1865 मध्ये जॉन लबकने प्रागितिहासावरचं आपलं पुस्तक लिहिलं, तेव्हा दहन की दफन, कांस्य की चकमक, कशासोबत काय येतं याचे तक्ते त्याने बेटमनच्या नोंदींवरून मांडले. एका हौशी माणसाच्या टेकाडांवरून आकडेमोड करता यावी, एवढी त्या नोंदींत शिस्त होती.

कवट्यांची बाब तेवढी सुखद नाही. बेटमनने कवट्या मोजल्या, जपल्या, आणि डेव्हिस व थर्नम यांच्या ब्रिटनमधल्या कवट्यांवरच्या ग्रंथाला पुरवल्या. लांब डोक्याचे लोक एक वंश, गोल डोक्याचे दुसरा, अशी मांडणी तेव्हा जोरात होती, आणि त्या विचाराने पुढे जगाचं काय केलं ते सर्वांना माहीत आहे. बेटमन त्या प्रवाहातलाच होता. मात्र त्याच कवट्या आणि हाडं लेबलांसह जपली गेल्यामुळे आज त्यांना वेगळे प्रश्न विचारता येतात. त्यावर शेवटी येतो.

हॉब हर्स्ट्स हाउसचा उल्लेख इथे करायलाच हवा. बीली मूरवरचं हे चौकोनी टेकाड. स्थानिक समजुतीत हॉब नावाच्या भुताचं घर. 1853 मध्ये बेटमनला तिथल्या दगडी पेटीत जळलेली हाडं आणि शिशाच्या खनिजाचे दोन तुकडे मिळाले. पीक प्रदेशात शिशाच्या खाणी आहेत, म्हणून हा शोध छोटा असला तरी बोलका आहे. 1882 मध्ये ब्रिटनचा पहिला प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला, त्याच्या यादीत हॉब हर्स्ट्स हाउस, आर्बर लो आणि मिनिंग लो ही तिन्ही नावं होती. लोकांना ही ठिकाणं महत्त्वाची वाटायला लागली, त्यात बेटमनच्या छापील पानांचा मोठा वाटा होता.

1861 मध्ये ‘टेन इयर्स डिगिंग्ज’ हे त्याचं शेवटचं पुस्तक आलं. डर्बी, स्टॅफर्ड आणि यॉर्क या तीन परगण्यांतली 1848 ते 1858 मधली उत्खननं त्यात आहेत. त्याच वर्षी 28 ऑगस्टला, चाळिशी गाठण्याआधीच, लोंबरडेलला त्याचा अचानक मृत्यू झाला. त्याला गावच्या चर्चच्या आवारात न पुरता, मिडलटनच्या काँग्रिगेशनल प्रार्थनामंदिरामागच्या शेतात पुरलं. कबरीवर कांस्ययुगीन अस्थिकलशाची दगडी प्रतिकृती बसवलेली आहे.

मागे सारा, मुली आणि एकुलता एक मुलगा थॉमस विल्यम राहिले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांच्या आसपासचा होता. वडील गेले तेव्हा बेटमन तेरा वर्षांचा होता, आणि वडिलांच्या टिपणांनी त्याला घडवलं. त्याच्या मुलाच्या बाबतीत तसं झालं नाही. संग्रह वारशाची मालमत्ता म्हणून मुलाकडे आला, पण ती आवड आली नाही. मुलगा खर्चिक निघाला. 1876 मध्ये संग्रहातला पुरातत्त्वीय भाग शेफील्डच्या नव्याने उघडलेल्या वेस्टन पार्क संग्रहालयाला उसना दिला गेला. पुढे कर्जाचा बोजा वाढला तेव्हा न्यायालयाची परवानगी मिळवून वारशाच्या वस्तू विकायला काढल्या. 1893 मध्ये ग्रंथ आणि हस्तलिखितं लंडनला सदबीजच्या लिलावात गेली आणि जगभर पांगली. टेकाडांतल्या वस्तूंचा मोठा भाग मात्र शेफील्डने त्याच वर्षी विकत घेतला. नशीब चांगलं म्हणून त्या आधीच त्या इमारतीत होत्या.

मुलाला उधळ्या ठरवून विषय संपवायची रीत आहे. मला त्यात अर्धंच सत्य दिसतं. दोष बेटमनचाही आहे. एवढं काम करणाऱ्या माणसाने संग्रह एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या नावे न करता खासगी वारशात बांधून ठेवला. जमीनदाराला जमिनीबद्दल जे सुचतं, तेच त्याला वस्तूंबद्दल सुचलं. पण जमीन कसणारा वारस मिळतो, संग्रह सांभाळणारा मिळेलच असं नाही.

तुलनेसाठी यॉर्कशायरच्या जॉन रॉबर्ट मॉर्टिमरचं घर पाहा (1825–1911). तो धान्याचा व्यापारी, खेडेगावच्या शाळेत शिकलेला. धाकटा भाऊ रॉबर्ट त्याच्याबरोबर खणायचा. मॉर्टिमरने ड्रिफील्डला 1878 मध्ये स्वतःच्या खर्चाने संग्रहालयाची इमारत बांधली. 1887 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, तरी संग्रह त्याने फुटू दिला नाही. 1905 मध्ये त्याचं प्रचंड पुस्तक आलं, त्यातली चित्रं त्याची मुलगी ॲग्नेस हिने काढलेली होती. भांडी, चकमकीची हत्यारं, दफनांचे आराखडे, शेकड्यांनी. त्याच्या मृत्यूनंतर संग्रह हल शहराला एकसंध मिळाला. पैसा बेटमनकडे जास्त होता. मॉर्टिमरकडे भाऊ आणि मुलगी कामात होती, आणि संग्रह एकसंध उरण्यात त्या माणसांचा भाग पैशाहून मोठा होता.

आता मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे. बेटमन पुरातत्त्वज्ञ होता, पण निम्म्या कामाचा. वस्तूंचे संच, म्हणजे एका दफनात काय काय एकत्र होतं, याबाबत त्याच्यावर बराच भरवसा ठेवता येतो. जागेबाबत, म्हणजे टेकाडातली नेमकी खोली, थर, कडेची दफनं, टेकाडाचे बांधकामाचे टप्पे, याबाबत ठेवता येत नाही. ‘या टेकाडात आणखी काही नव्हतं’ असं तो सुचवतो तेव्हा तर मुळीच नाही. ज्यांना त्याचा संग्रह अभ्यासायचा आहे त्यांनी 1855 ची सूची, 1861 चं पुस्तक आणि शेफील्डच्या संग्रहालयासाठी हॉवर्थने 1899 मध्ये केलेली सूची अशा तिन्ही एकत्र उघडून बसावं. वस्तू एकदा घरातून संग्रहालयात जाते तेव्हा तिचा क्रमांक बदलतो, आणि तिन्हीत जुळली तरच ती खात्रीची.

कवट्यांचं आणि हाडांचं म्हणाल, तर गेल्या काही दशकांत ब्रिटनमधल्या बीकर भांड्यांसोबत (कांस्ययुगाच्या सुमारासची, उलट्या घंटेच्या आकाराची मातीची भांडी) पुरलेल्या लोकांवर मोठा शास्त्रीय प्रकल्प झाला. दातांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) माणूस कुठल्या भूगर्भाच्या प्रदेशात लहानाचा मोठा झाला ते तपासलं गेलं, आणि हाडांचं रेडिओकार्बन वय काढलं गेलं. शेफील्डमधले पीक प्रदेशातले सांगाडे त्या अभ्यासात होते. बेटमनने ती माणसं कोणत्या वंशाची, असा प्रश्न धरून हाडं जपली होती. आज त्याच हाडांवरून ती कुठून चालत आली आणि काय खात होती, हे विचारता येतं. पण त्यासाठी सांगाडा कोणत्या टेकाडातला आणि त्याच्याजवळ कोणतं भांडं होतं हे ठाऊक असावं लागतं. ती ओळ बेटमनच्या पुस्तकात असेल तर नमुना घेता येतो. नसेल तर तो सांगाडा बाजूला ठेवावा लागतो.